चार टक्क्यांच्या दोन बातम्या

(दृश्य: पहाटेचे साडेपाच, नाशिकचा रविवार कारंजा. पेपरचे गठ्ठे सुटताहेत, विक्रेते बसल्या बसल्या पुरवण्या आत घालताहेत.)

सप्टेंबर २०२२ मधली एक बातमी मी इथेच वाचली होती. कात्रण अजून माझ्या फाइलमध्ये आहे. पुण्यात जन्मलेले, पुण्याच्या सीओईपीत इंजिनिअर झालेले लक्ष्मण नरसिंहन स्टारबक्सचे सीईओ होणार होते. जगभरात ३५ हजारांहून जास्त दुकानं असलेली कॉफीची कंपनी! त्या सकाळी शेजारच्या टपरीवर 'आपला माणूस' हे शब्द मी दोन-तीनदा ऐकले. मलाही बरं वाटलं होतं.

मार्च २०२३ मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली. त्याआधी ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन ते स्वतः कॉफी बनवायला शिकले आणि महिन्यातून अर्धा दिवस दुकानात काम करीन, असं त्यांनी जाहीर केलं. हिरवा एप्रन घातलेला सीईओ कॅमेऱ्याला आवडतो. पुढचं वर्षभर त्यांची ओळख करून देताना हा एप्रन पुन्हा पुन्हा येत राहिला.

(दृश्य: कात्रणांची फाइल. पान उलटतं.)

३० एप्रिल २०२४ ला तिमाहीचे आकडे आले. आधीपासून सुरू असलेल्या दुकानांमधली विक्री जगभरात ४ टक्क्यांनी घटली होती. चीनमध्ये ११ टक्के. अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या खरेदीच्या फेऱ्याच ७ टक्क्यांनी कमी झाल्या. कंपनीने वर्षाचा अंदाजही खाली आणला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १६ टक्क्यांनी कोसळला.

मग बातम्यांचा सूर पालटला. ज्यांनी ही कंपनी मोठी केली त्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी काय सुधारायला हवं, हे जाहीरपणे लिहिलं. संध्याकाळी सहानंतर शक्यतो काम ठेवत नाही, असं नरसिंहन एका मुलाखतीत म्हणाले होते. पुढे पद गेल्यावर तेच वाक्य पुन्हा वर काढलं गेलं. जणू सहानंतरही ते बसले असते, तर शांघायमधल्या गिऱ्हाइकाने स्वस्त कॉफी देणाऱ्या शेजारच्या दुकानाची पायरी चढली नसती.

(दृश्य: लासलगाव बाजार समिती. ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा गलका.)

तिमाहीचे ते आकडे आले, त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर कांदा होता. ८ डिसेंबर २०२३ पासूनची निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली. उठवतानाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवलं गेलं. लासलगावच्या ओट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा, भाव का पडला? तो आवक सांगेल, अवकाळी सांगेल, कांदाचाळीत सडलेला माल सांगेल, दिल्लीचा निर्णय सांगेल. एका माणसाचं नाव घेऊन तो थांबणार नाही. भाव ही अनेक हातांनी घडणारी गोष्ट आहे, हे त्याला पोटातून ठाऊक आहे. कॉफीची विक्रीही अशीच घडते. वाढवलेल्या किमती, मोबाईलवरच्या ऑर्डरींनी काउंटरवर होणारी कोंडी, चीनमधली स्पर्धा, पश्चिम आशियातल्या युद्धानंतरचे बहिष्कार. हे सगळं बातमीत असायचं, पण चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. मथळा मात्र माणसाचा.

(दृश्य: फाइलचं पुढचं पान.)

१३ ऑगस्ट २०२४. नरसिंहन गेले. चिपोटले या खाद्यसाखळीचे प्रमुख ब्रायन निकोल येणार, अशी घोषणा झाली. एकाच दिवसात स्टारबक्सचा शेअर २४ टक्क्यांहून जास्त चढला आणि चिपोटलेचा घसरला. त्या दिवशी एकाही कपाची चव बदललेली नव्हती. 'तारणहार' ही प्रतिमा मात्र तयार झाली. निकोल तेव्हा कॅलिफोर्नियात राहत होते आणि सुमारे १६०० किलोमीटरवरच्या सिॲटलमधल्या मुख्यालयात कंपनीच्या विमानाने ये-जा करणार होते, यावर टीका झाली. पण त्या टीकेमुळे ही प्रतिमा डागाळली नाही.

आता ज्यासाठी ही चित्रफीत केली, तो आकडा. जानेवारी २०२५ मध्ये निकोल यांच्या पहिल्या पूर्ण तिमाहीचा निकाल आला. आधीपासून सुरू असलेल्या दुकानांमधली जगभरातली विक्री पुन्हा ४ टक्क्यांनीच घटली होती. अमेरिकेतल्या खरेदीच्या फेऱ्या ८ टक्क्यांनी कमी, म्हणजे आधीपेक्षा वाईट. आणि शेअर वर गेला.

याला कारण आहे, तेही सांगतो. जाणकारांनी याहून मोठी घसरण धरली होती, आणि नव्या माणसाला वेळ द्यायला बाजार तयार होता. त्यात गैर काही नाही. माझी तक्रार पत्रकार म्हणून, आमच्याच धंद्याविषयी आहे. तोच चार टक्क्यांचा खड्डा एकाच्या नावावर अपयश म्हणून लिहिला आणि दुसऱ्याच्या नावावर सुधारणेची सुरुवात म्हणून. वाचणाऱ्याला दोन माणसं कळली. दुकान कळलंच नाही.

(दृश्य: संध्याकाळ, कॉलेज रोड. एका कॅफेच्या काचेतून आत.)

सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने काही दुकानं बंद करण्याचं आणि सुमारे ९०० जणांना कमी करण्याचं जाहीर केलं. महिन्याभराने आलेल्या निकालात त्याच मापाने जगभरातली विक्री एका टक्क्याने वाढली होती, सलग सहा तिमाहींच्या घसरणीनंतर. मी वाचलेल्या बहुतेक मथळ्यांत निकोल होते. त्या ९०० जणांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही.

या कॅफेचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. काउंटरमागे विशीतला मुलगा यंत्राची नळी पुसत होता. मी त्याला विचारलं, धंदा उतरायला लागला हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? मालकाला?

तो म्हणाला, "मला कळतं, सर. रात्री दूध उरायला लागतं ना."