गंगेला पूर आणि गाडीचा विमा

[गोदाघाट, पाऊस]
गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी मूर्तीच्या कुठवर चढलं, यावर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पुराचा अंदाज. आज कमरेच्या वर आहे. मागे पार्किंगमध्ये दिसतायत ते गाड्यांचे टप.

[अंबडमधलं गॅरेज]
क्रेननं ओढून आणलेल्या या दोन गाड्या. सीटा बाहेर काढल्यात, मॅटिंग वाळत घातलंय. मेकॅनिक डिपस्टिक काढून दाखवतो. ऑइल दुधाळ, म्हणजे इंजिनात पाणी. नुकसान तपासायला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी चासिस नंबर ताडून बघतो, दारावरच्या चिखलाच्या रेषेचा फोटो घेतो, मग विचारतो, "पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला होता का हो?" सगळं इथेच अडतं. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुरानं नाही, तुमच्या हातानं झालं, असं कंपनी म्हणते. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलं असेल तर बोलणं पुढे सरकतं. भारीतली म्युझिक सिस्टिम हौसेनं बसवणारी मंडळी याच कव्हरला "कशाला?" म्हणतात.

[पॉलिसीचा कागद, जवळून]
थर्ड पार्टी, मुदत तीन वर्षं. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा तेवढा हाच; नसला तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचा जीव गेला, इजा झाली, तर भरपाई यातून. त्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी दमडीसुद्धा नाही. ती जबाबदारी 'ओन डॅमेज'ची, आणि तो भाग बहुतेकदा वर्षाचाच असतो. घरात मात्र सगळे निर्धास्त, "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे ना!"

पहिल्या गाडीच्या मालकाचं ओन डॅमेज संपलेलं होतं. क्लेम नाही.

[शेजारची गाडी]
हिचं दोन्ही चालू आहे. तीन वर्षं उलटलीत, म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढताना नव्या गाडीच्या किमतीतून 40 टक्के वजा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर नाही, त्यामुळे सर्व्हेअर रबर-प्लॅस्टिकचे पार्ट निम्म्यावर आणतो. काचेला कात्री लागत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, मात्र पुढच्या रिन्यूअलला शून्य.