रुपयात किती आणे दुखतंय?

नमस्कार श्रोतेहो. मी नर्स आहे, कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाऊन त्यांना बघते, ड्रेसिंग करते, औषधं समजावून सांगते, आणि आज मला फक्त दुखण्याबद्दल बोलायचंय, कारण दुखणं मोजता येतं आणि कमीही करता येतं हेच खूप घरांत माहीत नसतं.

एका आज्जींकडे गेले होते. कॅन्सर मणक्यात पसरलेला. आधी जिथे दाखवलं होतं तिथे सांगितलेलं की कॅन्सर आहे म्हटल्यावर दुखणारच, आणि अगदीच ओरडायला लागल्या की एक इंजेक्शन. मी नेहमीसारखं विचारलं, आज्जी, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? त्या म्हणाल्या, मला ते नंबर नाय कळत बाई. तेवढ्यात दारातून आजोबा म्हणाले, "अगं रुपयात किती आणे दुखतंय ते सांग की!" आज्जी लगेच म्हणाल्या, "पडून आठ आणे, कूस बदलली की चौदा." एका वाक्यात सगळं आलं बघा, कारण पडल्यावर किती आणि हलल्यावर किती हे वेगवेगळंच विचारायचं असतं. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौदा आणे दहात जवळजवळ नऊ, आणि नऊ असताना माणूस झोपणार कसा, जेवणार कसा.

नुसता आकडा पुरत नाही, कसं दुखतंय तेही हवं आणि त्यासाठी आपल्या भाषेत इतके शब्द आहेत ना! गळू झालं की ठणका लागतो, पोटात कळ येते आणि जाते, पण आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी चमक जाते असं पेशंट म्हणाला की मी कान टवकारते कारण ते बहुतेक नसेचं दुखणं असतं, त्याला साध्या पेनकिलरने फारसा फरक पडत नाही, त्याची गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात. म्हणून डॉक्टरांसमोर नुसतं "दुखतंय" म्हणू नका, घरी जो शब्द वापरता तोच तिथेही वापरा. ज्यांना बोलता येत नाही, तान्हं बाळ किंवा विसरभोळे झालेले आजोबा, त्यांचं कपाळ बघायचं, हातपाय आखडून घेतात का, अंघोळ घालताना कण्हतात का ते बघायचं.

आता औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी एक जिना सांगितला, तीन पायऱ्यांचा. खाली पॅरासिटामॉल आणि सुजेवरच्या गोळ्या, मध्ये ट्रामाडॉल किंवा कोडीन, वर मॉर्फिन. पहिली पायरी सोपी वाटते म्हणून तिथेच जास्त गडबड होते. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची, म्हणजे त्या सुजेवरच्या गोळीची, पट्टी आणायची आणि रिकाम्या पोटी महिनोन्महिने खायची, असं करू नका हो, पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पॅरासिटामॉल सुद्धा मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या, अशक्त माणसाला त्याहून कमी, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं ते धरून.

आणि मॉर्फिन. नाव काढलं की घरात शांतता पसरते, म्हणजे आता शेवट आला का, व्यसन लागेल का. आज्जींच्या मुलानेही मला बाहेर ओट्यावर नेऊन हेच विचारलं. मी त्याला म्हटलं, दादा, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताने वाढवत दिलं तर तसं व्यसन सहसा लागत नाही, आणि मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट जवळ आला असं नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो म्हणून ती घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची, दुखायची वाट बघायची नाही, कारण एकदा दुखणं डोक्यात गेलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. पहिले काही दिवस मळमळ, गुंगी येते, ती बहुतेक कमी होते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला हवं. डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही, आणि पेशंट उठवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल तर तडक दवाखाना.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्यावर अफू पिकते, त्यातूनच मॉर्फिन काढतात, गोळी महागही नाही, आणि तरी आपल्याच माणसांना ती मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात इतके परवाने लागायचे की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 ला कायद्यात बदल होऊन ते सोपं झालं, पण भीती राहिली. तुमच्या जवळच्या सरकारी किंवा कॅन्सर हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग आहे का ते विचारा, नाही म्हणाले तर मिळेल कुठे ते विचारा, विचारायला लाजू नका.

आज्जींच्या घरी आता वही आहे. आजोबा मोबाईलला अलार्म लावून गोळी देतात आणि आणे लिहितात. परवा गेले तर आज्जी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. वहीत, पडून दोन आणे, कूस बदलताना पाच. हे पाच मला अजून जास्त वाटतात, हाडाच्या दुखण्याला रेडिएशनचा, म्हणजे आपण लाईट देणं म्हणतो त्याचा, कधी कधी एका वेळेतही चांगला उपयोग होतो, तेव्हा सोमवारी वही घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.