परक्या देशातली लिंगनोंद आणि वडिलांचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत राहणाऱ्या, पण जर्मन नागरिक नसलेल्या माणसाला तिथल्या सरकारी दफ्तरात आपली लिंगनोंद बदलून घेता येते का, असे मला अनेक मराठी मुलामुलींनी विचारले आहे. मी तिथे कागदपत्रांचे अनुवाद करते आणि कार्यालयांत दुभाषी म्हणून सोबत जाते. नोंद बदलून घेता येते. मात्र त्या नोंदीने आपला भारतीय पासपोर्ट बदलत नाही. हे वाक्य मी पुढे पुन्हा म्हणणार आहे, कारण नेमके तेच ऐकायचे राहून जाते.

आधी थोडे कायद्याविषयी. १९८० च्या जुन्या जर्मन कायद्यात दोन तज्ज्ञांचे अहवाल आणि न्यायालयाचा निर्णय लागत असे. थायलंड आणि इथिओपियाच्या नागरिकांची प्रकरणे घटना न्यायालयापुढे गेली, तेव्हा १८ जुलै २००६ रोजी न्यायालयाने सांगितले की, ज्यांच्या मायदेशात अशी तरतूद नाही, त्या कायदेशीर रहिवाशांना या कायद्यातून वगळणे घटनेला धरून नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागेनासे झाले. जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, आधी पूर्वसूचना द्यायची, तीन महिने थांबायचे आणि मग स्वतः जाऊन घोषणा करायची; पूर्वसूचनेनंतर सहा महिने उलटले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परदेशी माणसाकडे कायम वास्तव्याचा हक्क, मुदत वाढवून मिळणारा निवास परवाना किंवा युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असावे लागते, आणि आपल्याला जर्मन कायदा लागू करावा, असे त्याने निवडावे लागते.

आता मला ज्या मुलीविषयी सांगायचे आहे, तिच्याकडे वळते. ती सातारा जिल्ह्यातली, पेशाने इंजिनिअर, ब्लू कार्डावर नोकरी करणारी. जन्माच्या दाखल्यावर ती मुलगा होती. पूर्वसूचना द्यायला मी तिच्यासोबत गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवले. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिथे तिचे जुने नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव होते. ते नाव आपण येथे दत्तात्रय असे धरू. बाईंनी विचारले, "पहिले नाव तुम्ही बदलता आहात, पण हे दुसरेही पुरुषाचेच नाव आहे. स्त्री म्हणून नोंद होणार असेल, तर हे कसे ठेवणार?" तिथे निवडलेल्या नोंदीशी नावे जुळावी लागतात, त्यामुळे त्यांचे विचारणे चुकीचे नव्हते. मी सांगितले की, हे तिचे दुसरे नाव नव्हे, हे तिच्या वडिलांचे नाव आहे आणि आमच्याकडे मुलीही ते लावतात. त्या म्हणाल्या, "तसे दाखवणारा एखादा कागद आणा."

मुलगी बाहेर येऊन जिन्यावर बसली. दोन वर्षे वडील तिच्याशी बोलले नव्हते. संध्याकाळी तिने माझ्या स्वयंपाकघरातून फोन लावला आणि एवढेच विचारले, "आबा, धाकटीचा शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे का?" कशाला हवा, ते तिने सांगितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "माझं नाव काढायला सांगतायत का?" ती म्हणाली, "मला ठेवायचंय." तीन आठवड्यांनी स्पीड पोस्टाने पाकीट आले. घरातला दाखला पावसात खराब झाला होता, म्हणून आबा स्वतः शाळेत जाऊन दुय्यम प्रत घेऊन आले होते. धाकटीचे नाव, दत्तात्रय, आडनाव आणि शेजारी 'स्त्री', सगळे एका ओळीत होते. मी त्याचा अनुवाद केला, एकही अक्षर न सुधारता. अनुवादकाने मूळ कागदातले स्पेलिंगही आपल्या मनाने नीट करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पुढे त्याच एका अक्षरावरून माणूस अडतो. आणखी एक सांगते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लावायचे, हा महाराष्ट्र शासनाचा निर्णय मला मनापासून आवडला. फक्त त्या मुलांना परदेशात आणखी एक नाव समजावून सांगावे लागेल, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. त्याच बाईंनी दाखला वाचला, सहकाऱ्याला विचारून आल्या आणि दत्तात्रय हे वडिलांचे नाव म्हणून तसेच राहू दिले. मुलीने सही केली. सही करताना तिने नवे नाव इतके सावकाश लिहिले की, बाईंनी पेन परत घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

श्रोतेहो, ते वाक्य आता पुन्हा सांगते: जर्मन नोंद बदलली, तरी पासपोर्ट भारत सरकारचा आहे आणि तो भारतीय नियमांनीच बदलतो. तोवर बँक, घरमालक आणि कंपनी यांना नोंद बदलल्याचा जर्मन दाखला दाखवावा, पण विमानाचे तिकीट पासपोर्टावरच्याच नावाने काढावे. या दाखल्याच्या दोन-तीन प्रती घोषणेच्या दिवशीच मागून घ्याव्यात.

दिवाळीत ती घरी गेली. तिकीट जुन्या नावाने होते, आणि दाखल्याची एक प्रत, मराठी अनुवादासह, तिने आबांसाठी हातातल्या पिशवीत ठेवली होती.