उलटून पाहण्याचा छंद

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने लंडनचे पूल आणि राजवाडे यांबद्दल बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्याला वेल्सच्या सीमेलगतच्या लडलो या लहानशा गावी नेणार आहे. माझी मुलगी बर्मिंगहॅमला राहते. तिच्या घरून निघून श्रूजबरीला गाडी बदलली, की दोनेक तासांत या गावच्या स्थानकावर उतरता येते.

गावाच्या माथ्यावर, टीम नदीच्या वर, अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला किल्ला आहे. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी इथेच वारला आणि त्याची विधवा कॅथरीन पुढे हेन्रीची राणी झाली. किल्ल्याविषयी एवढे पुरे. आपल्याकडे किल्ल्यांना तोटा नाही. मला त्या गावाची गोडी लागली ती सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये. तिथे गायकवृंदाच्या जागेत मध्ययुगातली लाकडी आसने आहेत. आसनाची फळी वर उचलली, की तिच्या खालच्या अंगाला एक छोटा कंगोरा दिसतो. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणणाऱ्यांनी उभे असल्याचे भासवून हळूच त्यावर टेकावे, अशी ती सोय. या कंगोऱ्यांखाली सुताराने मनसोक्त कोरीवकाम केले आहे. एका ठिकाणी मापात पाप करणारी दारूवाली आहे; सैतानाच्या दूताने तिला खांद्यावर टाकून नरकाची वाट धरली आहे आणि तिच्या हातातले ते खोटे माप काही सुटलेले नाही.

फळी उलटल्याशिवाय हे दिसत नाही. घरांचेही तसेच आहे. १६१९ सालचे फेदर्स हॉटेल आपली नक्षीदार लाकडी चौकट मिरवत रस्त्यावर उभे आहे खरे; पण ब्रॉड स्ट्रीटवरच्या कित्येक घरांनी अठराव्या शतकात फॅशनपायी विटांचा नवा दर्शनी भाग चढवला, आणि बाजूच्या बोळात शिरून पाहिले, तरच त्यामागचे जुने लाकडी घर उघडे पडते.

हीच सवय मग दुकानांत कामी येते. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या चौकात बाजार भरतो आणि काही दिवशी तिथे जुन्या वस्तूंची पाले लागतात. शिवाय धर्मादाय संस्थांची दुकाने असतात, ती निराळी. लोकांनी देणगी म्हणून दिलेले कपडे, पुस्तके आणि कपबश्या तिथे बहुधा स्वयंसेवक विकतात. ग्रीसमधल्या दुष्काळपीडितांसाठी १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये एक समिती स्थापन झाली. त्या ऑक्सफॅमने पाच-सहा वर्षांतच त्याच शहरात असे दुकान थाटले, आणि आज इंग्लंडच्या कोणत्याही बाजारपेठेत अशी दोन-चार दुकाने दिसतातच. जागेवरच्या स्थानिक करात त्यांना ८० टक्के सूट मिळते, हेही त्यामागचे एक कारण आहे. आपल्याकडे जुनी साडी बोहारणीला देऊन पातेले घेताना जी हुज्जत चालते, तिला इथे वाव नाही. चिठ्ठीवर लिहिलेली किंमत मुकाट्याने द्यायची. पहिल्या दिवशी मी सवयीने ‘काही कमी?’ असे विचारले, तेव्हा माझी मुलगी पुस्तकांच्या कपाटाआड गेली.

चांदीचा म्हणून मी घेतलेला पहिला चमचा चांदीचा नव्हता. दांड्याच्या मागे ‘ईपीएनएस’ ही अक्षरे होती आणि त्यांचा अर्थ निकेलच्या मिश्रधातूवर दिलेला चांदीचा मुलामा असा होतो, हे मला घरी आल्यावर कळले. दुसऱ्या खेपेस मी भिंग घेऊन गेले. खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाचा छोटा ठसा असतो. जहाजाच्या नांगराचा ठसा असला, तर चांदीची पारख बर्मिंगहॅमला झालेली असते. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराला नांगर का मिळाला, याविषयी एक गोष्ट सांगतात. मॅथ्यू बोल्टन आणि इतर कारखानदार पारख-कचेरीची मागणी घेऊन लंडनला गेले असता ‘क्राउन अँड अँकर’, म्हणजे मुकुट आणि नांगर, नावाच्या खानावळीत बसत. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना अशी कचेरी देणारा कायदा झाला, तेव्हा मुकुट शेफील्डने उचलला आणि नांगर बर्मिंगहॅमकडे आला. त्यापुढचे अक्षर वर्ष सांगते. आणि राजाचे वा राणीचे मुखचित्र असेल, तर सरकारी कर भरल्याची ती खूण. तो कर १७८४ ते १८९० एवढाच काळ होता, म्हणून व्हिक्टोरिया राणीचा चेहरा दिसला, की चमचा १८९० च्या अलीकडचा नाही, हे पालापुढे उभ्या उभ्या सांगता येते.

असा एक चमचा मला मिळाला. सिंह, नांगर, अक्षर आणि राणी या चारही खुणा त्यावर होत्या. चमचा सरळ धरला, तेव्हा दांड्याच्या टोकाला वळणदार ‘एच’ कोरलेला दिसला. आपण नाही का लग्नातल्या तांब्यावर नाव घालून घेत? तसेच कोणीतरी हौसेने घातलेले ते अक्षर होते. आमच्या घरात त्या अक्षराचे कोणी नाही. तो चमचा आता पुण्याला साखरेच्या डब्यात असतो आणि चहाला आलेले पाहुणे दांड्याकडे पाहून ‘हे कोण?’ असे विचारतात.