‘आलोच’ म्हणजे नेमकं कधी?

(स्वारगेट, सकाळचे सव्वासहा. सिंहगडाच्या पीएमपी बसची लाइन.)

मित्राला फोन लावला, अरे कुठेयस, तर म्हणे आलोच! आणि मागनं बादलीत नळाचं पाणी पडल्याचा आवाज. म्हणजे क्रियापद भूतकाळात, माणूस आत्ता बाथरूममधे, आणि येणं अजून व्हायचंय. गंमत म्हणजे मला सगळं नीट कळलं, मी गपचूप चहा सांगितला.

(चहाचा ग्लास, जवळून.)

आता हेच लोझबानमधे बोलायचं झालं तर? लोझबान ही मुद्दाम बनवलेली भाषा, १९८७ पासून लॉजिकल लँग्वेज ग्रुपने घडवलेली, मूळ आयडिया जेम्स कुक ब्राउनच्या लॉगलान या भाषेची, ती १९५५ ची. तिच्यात क्रियापद मुळी बदलतच नाही. ‘मी क्लामा’, आणि हो, हा ‘मी’ म्हणजे आपलाच मी, तर ‘मी क्लामा’चा अर्थ मी आलो, येतो, येईन, गेलो, जाईन, काहीही होतो. काळ सांगायची सक्तीच नाही. सांगायचाच असेल तर मधे एक चिमुकला शब्द टाकायचा, पु म्हणजे आधी, शा म्हणजे त्याच वेळी, बा म्हणजे नंतर. त्याला झी, झा, झू जोडलं की किती अंतर तेही कळतं, म्हणजे पुझी थोड्या वेळापूर्वी आणि पुझू फार पूर्वी. आपल्याकडे परवा म्हणजे झालेलीही आणि येणारीही, पुढचं क्रियापद ऐकेपर्यंत थांबायचं.

हे शब्द एकापुढे एक ठेवता येतात. पुबा म्हणजे आधी मनाने मागे जायचं आणि तिथनं पुढे बघायचं. आपलं ‘येणार होतो’ तसंच आहे की, फक्त आपण पुढचं आधी बोलतो आणि मागचं नंतर.

(फलाटावर बस लागते. गर्दी उठते.)

खरी मेख आहे पुहो आणि बाहो या जोडीत. मला वाटलं पु भूतकाळ तर पुहो त्याचाच भाऊ असणार, आणि दोन दिवस मी सगळी वाक्यं उलटी वाचत बसलो. पु सांगतो की घटना आत्ताच्या आधीची. पुहो सांगतो की आपणच अजून घटनेच्या आधी उभे आहोत, घटना पुढे आहे! म्हणून ‘मी पु क्लामा’ म्हणजे मी आलो, आणि ‘मी पुहो क्लामा’ म्हणजे मी अजून यायचोय. बाहोचं तसंच, बा म्हणजे पुढे होणार, बाहो म्हणजे होऊन गेलं, आपण त्याच्या पलीकडे. एका जोडीत आपण जागेवर राहून घटनेकडे बोट दाखवतो, दुसरीत घटनेपाशी उभं राहून आपण कुठे आहोत ते सांगतो. एकदा हे डोक्यात बसलं की मग फार सोपं आहे, पण बसेपर्यंत डोकं फिरतं हे नक्की.

म्हणजे मित्राने फोनवर प्रामाणिकपणे ‘मी पुहो क्लामा’ म्हणायला हवं होतं. तो बोलला पुझीच्या थाटात.

(रिकामा फलाट. मित्र धापा टाकत येतो, केस ओले.)

‘अरे, बस?’

बस बाहो क्लामा, बाबा. चहा घे.