विज्ञान प्रदर्शनाची तयारी जूनमध्येच का करायची?

(नाशिकमध्ये सहावी ते आठवीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि विज्ञान शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, पालकहो आणि शिक्षक मित्रांनो,

शाळा आत्ताच उघडल्यात, सगळ्या वह्यांना कव्हरंही घालून झाली नसतील, आणि मी विज्ञान प्रदर्शनावर बोलायला उभा आहे. प्रदर्शनं भरतात दिवाळीनंतर. तरी तयारीचा खरा महिना जूनच, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण प्रदर्शनाच्या मांडवातच दिसतं. एका टेबलावर सिरिंजवर चालणारा जेसीबी, शेजारी थर्माकोलचं स्मार्ट शहर, पलीकडे पावसाचं पाणी साठवणारं घर. रंगकाम सुरेख असतं. मूल पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतं. मग परीक्षक म्हणून मी विचारतो, "एका बाजूची सिरिंज जाड घेतली तर काय होईल? करून पाहिलंस का?" तिथे गाडी अडते आणि नजर मागे उभ्या असलेल्या बाबांकडे वळते. मूल हुशार असतं हो. त्याला करून पाहायला वेळच मिळालेला नसतो. शेवटच्या आठवड्यात वस्तू तयार होते, प्रयोग होत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. जे आपल्याला खरोखर माहीत नाही आणि जे मोजून कळू शकतं, असं काहीतरी छोटं शोधायला घ्या आणि चार-पाच महिने त्याचा पिच्छा सोडू नका.

असा प्रश्न शोधायला आपल्या जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. निफाड, येवला, चांदवड, सटाणा इकडची जी मुलं आज आली आहेत, त्यांच्या घरी किंवा शेजारी कांद्याची चाळ असेलच. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, पाऊसभर सांभाळायचा आणि भाव पाहून लासलगावला न्यायचा. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूंना फटी ठेवतात. का ठेवतात? "हवा खेळती राहते," हे कुणीही सांगेल. पण हवा खेळती राहिल्याने नेमका किती फरक पडतो? किती कांदे वाचतात? हे सांगताना मोठी माणसंही अंदाजाने बोलतात. इथे सातवीच्या मुलाला जागा आहे.

आता हा प्रश्न लहान करू. अख्खी चाळ आपल्याला बांधायची नाही. जाळीच्या दोन सारख्या टोपल्या घ्या. एक विटांवर ठेवा, दुसरी त्याच खोलीत थेट जमिनीवर. बाकी सगळं सारखं हवं: कांदा एकाच गोणीतला, आकार साधारण एकच, भिंतीपासून अंतर तेवढंच, ऊन-पावसाची झड दोघींनाही सारखी. बदलायची ती फक्त तळाखालची हवा. प्रत्येक टोपलीत तीस कांदे, दोन-तीन थरांत. म्हणजे सगळे मिळून पाच किलोच्या आसपास कांदा लागतो, खर्च फार नाही. कोणता कांदा कोणत्या टोपलीत जाणार, हे मात्र डोळ्यांनी निवडू नका. चिठ्ठ्या टाका. नाहीतर आपल्या नकळत चांगले कांदे आपल्या लाडक्या टोपलीत जातात.

वजन कसं करणार? बहुतेक मुलं टोपली उचलून काट्यावर ठेवतात. तिथेच गोंधळ होतो. कांद्याचं नुकसान दोन तऱ्हांनी होतं. एक, तो सुकतो, आतलं पाणी उडून जातं आणि वजन घटतं. दोन, तो सडतो किंवा त्याला कोंब येतो आणि तो बाहेर काढावा लागतो. सडलेला कांदा काढला की टोपलीचं वजन एकदम उतरतं, आणि सुकल्यामुळे किती घटलं ते मग कळतच नाही. म्हणून प्रत्येक कांद्याला नंबर हवा. सालीवर पेनाने लिहू नका, साल गळून पडते. मान ठेवून कापलेले कांदे मागून घ्या आणि मानेला दोऱ्याने नंबर बांधा. नंबर कागदाचा नको, पावसाळ्यात कागद दमट होतो आणि त्याचंही वजन बदलतं. दुधाच्या पिशवीचा तुकडा कापा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच काट्यावर प्रत्येक कांदा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. समजा ८० ग्रॅमचा कांदा ७४ ग्रॅमवर आला, तर घट ६ ग्रॅम, म्हणजे साडेसात टक्के. सातवीचं गणित इथे कामाला येतं, वेगळं शिकवावं लागत नाही. सडका कांदा हाताळताना हातमोजे घाला, नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा. बुरशी नाकात जाणं चांगलं नाही.

आता एक बारीक गोष्ट, आणि शिक्षकांनी ती मुलांना जरूर समजावून सांगावी. साठ कांदे घेतले म्हणजे साठ वेगवेगळे पुरावे मिळाले असं होत नाही. एक कांदा सडला की शेजारच्याला लागतो. योगायोगाने जमिनीवरच्या टोपलीत एकच खराब कांदा आला, तरी महिनाभरात तिच्यात नासाडी जास्त दिसेल, आणि आपण म्हणू, बघा, विटांचा फायदा! त्यावर उपाय सोपा आहे. तीन मैत्रिणींनी तीन घरी अशीच जोडी मांडायची. तिन्ही घरी निकाल एकाच बाजूला झुकला तर बोलण्यात दम येतो. एका घरी उलटा आला तर तेही तितकंच मोलाचं. त्या घरात वेगळं काय होतं, ते शोधायला लागा.

उत्तर सरळ येईलच असंही नाही. जिथे वारा जास्त तिथे सड कमी, पण सुकणं जास्त, असं होऊ शकतं. हवा फार कोरडी असली की कांदा वजन टाकतो, फार दमट असली की सडतो, मुळं धरतो. साध्या चाळीतल्या साठवणीला सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के बरी मानतात. मग चांगली टोपली कोणती? ज्याला किलोवर विकायचंय आणि ज्याला घरी खायचंय, त्यांची उत्तरं वेगळी निघतील. असा पेच मुलाने स्वतःच्या आकड्यांतून मांडला, तर मी त्याला जेसीबीच्या दहा प्रतिकृतींपेक्षा वरचं मानतो.

सिडकोतल्या, इंदिरानगरमधल्या मुलांचे चेहरे मला दिसताहेत. चाळ कुठून आणायची? तुमच्यासाठी पाऊस आहे. इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तिथून पूर्वेला सरकत नाशिक, सिन्नर असं गेलं की तो भराभर आटतो. ढग घाट चढताना थंड होऊन रिते होतात, पलीकडे पर्जन्यछाया. भूगोलाच्या पुस्तकात हे एका चित्रात असतं. इगतपुरीची आत्या, सिन्नरचे मामा आणि तुमची गच्ची, एवढ्यावर ते मोजता येतं. सरळ बाजूंच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, बुडाचा खोलगट भाग खडे आणि पाणी घालून सपाट करा आणि तिथे शून्याची रेघ मारा. किंवा पाणी मोजपात्रात ओता. तेव्हा तोंडाचा व्यास लागतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिमीटर पावसाला ७८.५ मिलिलिटर पाणी जमेल. हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतं, तुम्हीही तीच वेळ धरा. आत्यांना आणि मामांना आधी नीट शिकवा, कारण झाडाखाली ठेवलेली बाटली किंवा छपराची धार पडणारी बाटली सगळं बिघडवते. गोदावरीच्या पुराचं पाणी मोजायची कल्पना दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना मुलांनी घाटावर उतरायचं नाही, यावर चर्चा नको.

वहीबद्दल थोडं. प्रयोगाची वही वेगळी, बांधीव, पेनाने लिहिलेली असावी. पहिल्या पानावर आपला अंदाज आणि तो का वाटतो ते, तारखेसह. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं, पान फाडायचं नाही. "आज गावी होतो, वजन केलं नाही" हीसुद्धा नोंदच. नोव्हेंबरमध्ये सुवाच्य अक्षरात नवी वही उतरवून काढायचा मोह होतो. ती चार्टसाठी ठेवा, टेबलावर जुनीच ठेवा. डाग पडलेली वही पाहिली की मी दोन प्रश्न जास्त विचारतो, आणि ते आपुलकीने विचारतो.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. काटा आणून द्या, टोपल्या उचलायला मदत करा, रविवारची आठवण करून द्या. आकडे मात्र मुलाला वाचू द्या आणि लिहू द्या. अंदाज चुकीचा ठरला म्हणून तो मागाहून बदलू देऊ नका. अंदाज चुकला म्हणून गुण जात नाहीत. बदललेले आकडे परीक्षकाला बहुतेक वेळा कळतात, कारण खरे आकडे असे ओळीत शिस्तीने उभे राहत नाहीत.

इन्स्पायर अवॉर्ड–मानकबद्दल पालक नेहमी विचारतात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या त्या योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात, ते त्याची कल्पना प्रत्यक्षात उतरवण्यासाठी. तिथे नवी कल्पना, नवं साधन लागतं. तुमच्या कांद्याच्या प्रयोगातून डिसेंबरात एखाद्या वेगळ्या टोपलीची कल्पना सुचली तर पुढच्या वर्षी जरूर पाठवा. आधी प्रयोग होऊ द्या.

चार्टवर फार वेळ घालवू नका. मधोमध आलेख: आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर टक्के, दोन टोपल्यांच्या दोन रेषा. सडलेल्या कांद्यांचा आलेख वेगळा. बाकी मजकूर चार हातांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "सर, ऑगस्टमध्येच सगळे कांदे सडले तर?" सडू द्या. कोणत्या टोपलीतले निम्मे कांदे कोणत्या आठवड्यात गेले, वरच्या थरातले आधी गेले की खालच्या, एवढी तुलना तरीही हातात राहते, आणि प्रदर्शनाला ती पुरते. त्यासाठी पहिलं वजन मात्र पक्कं हवं. चाळीतला कांदा आत्ता बाजारात चांगला मिळतोय. या शनिवारी आणा, नंबर बांधा आणि रविवारी सकाळी पहिल्या रकान्यात साठ आकडे लिहून टाका.