जाळं दाट म्हणजे घट्ट का?

एक धागा तुटला तरी जाळं फाटत नाही, बाकीचे धागे भार पेलतात. परिसंस्थेबद्दलही आपण असंच धरून चालतो. प्रजाती जितक्या जास्त, तितकी ती टिकाऊ. १९५८ साली परिसंस्थांचे अभ्यासक चार्ल्स एल्टन यांनी त्याला दाखलेही दिले होते: किडींचे उद्रेक शेतात होतात, दाट उष्णकटिबंधीय जंगलात क्वचितच.

१९७२ मध्ये रॉबर्ट मे यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला आणि ही समजूत हलली. मे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ससा-कोल्ह्यांची नावं न घेता त्यांनी थेट सारणी मांडली. १०० प्रजाती असतील तर १०० ओळी, १०० रकाने. प्रत्येक चौकटीत एक आकडा: ही प्रजाती थोडी वाढली की त्या प्रजातीचं काय होतं? बहुतेक ठिकाणी शून्य, कारण सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध नसतो. कर्णावर, म्हणजे प्रजातीची स्वतःशीच गाठ पडते त्या चौकटींत, उणे १: अर्थात प्रत्येक प्रजाती स्वतःच्या वाढीला स्वतः लगाम घालते. उरलेले आकडे चक्क सोडतीने काढलेले. आता समतोलाला हलकासा धक्का द्यायचा. सगळं पूर्वपदावर येतं का?

उत्तर एका ओळीत बसतं. प्रजातींची संख्या गुणिले जोडण्यांचं प्रमाण (शून्य नसलेल्या चौकटींचा वाटा), त्याचं वर्गमूळ, आणि त्याला परिणामांच्या ताकदीने गुणायचं. ताकद म्हणजे इथे त्या सोडतीतल्या आकड्यांचं प्रमाण विचलन, ते शून्याभोवती किती पसरलेत याचं माप. गुणाकार १ च्या आत असेल तर स्थैर्य, बाहेर गेला की बहुधा कोसळणं. १०० प्रजाती आणि १० टक्के जोडण्या असतील, तर ताकद साधारण ०.३२ पर्यंत चालते. प्रजाती ४०० केल्या की मर्यादा निम्म्यावर, ०.१६. म्हणजे गुंतागुंत वाढली की जाळं नाजूक होतं!

यावर जंगल फिरणारे चिडले, ते स्वाभाविक होतं. पण मे यांनी जंगल अस्थिर आहे असं म्हटलंच नव्हतं. सोडतीने बांधलेलं जंगल टिकणार नाही, एवढंच ते गणित सांगतं. मग खरं जंगल कसं बांधलेलं असतं?

२०१२ मध्ये स्टेफानो अलेसिना आणि सी तांग या संशोधकांनी त्याच सारणीत एकच बदल केला. आकडे सोडतीचेच, पण चिन्हं जोडीजोडीने ठरवलेली. ससे वाढले की कोल्हे वाढतात, कोल्हे वाढले की ससे घटतात: एक अधिक, एक उणे. प्रत्येक नातं असं भक्ष्य-भक्षकाचं केलं, तर १०० प्रजातींसाठीची मर्यादा ०.३२ वरून ०.८७ वर जाते. उलट जोडीतली चिन्हं सारखी ठेवली, काही जोड्या सहकार्याच्या, काही स्पर्धेच्या, तर ती ०.१९ वर येते. मला यातलं सहकार्य सगळ्यात खटकलं. एकमेकांना हात देणाऱ्या जोड्या धक्का शोषत नाहीत, वाढवतात. खाणारा मात्र ब्रेकचं काम करतो.

अर्थात हा सगळा हिशेब हलक्या धक्क्याचा आहे. परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे उचलून फेकायला सुरुवात केली. शिंपल्यांना खाणारं कुणी उरलं नाही, त्यांनी खडक व्यापला, आणि १५ प्रजातींच्या जागी ८ राहिल्या. सारणीतली एक अख्खी ओळ आणि एक रकाना पुसल्यावर समतोलच वेगळा होतो, आणि तिथले आकडे पुन्हा नव्याने मोजावे लागतात.